कोलकात्यात बिऱ्हाड मांडताना

बदलीचा हुकूम निघतो तो घरातल्या एकाच्या नावाने, पण बदली होते सगळ्या घराची. त्यातही हुकमावर ‘कोलकाता’ असे लिहिलेले असले, की मराठी घरात क्षणभर शांतता पसरते. हैदराबाद चालते, बंगळूर आवडते, दिल्लीची मनाची तयारी असते. कोलकाता मात्र फार लांब वाटते. मग प्रश्न सुरू होतात. तिथे ज्वारीचे पीठ मिळेल का? मुलांना बंगाली शिकावे लागेल का? सगळीकडे मासळीचा वास येत असेल का? आणि सर्वांत खोलवरचा, सहसा मोठ्याने न विचारला जाणारा प्रश्न : नवरा कामावर आणि मुले शाळेत गेली, की दिवसभर मी बोलणार कोणाशी?

हे प्रश्न खोटे नाहीत. मुंबई ते हावडा हे अंतर जवळजवळ दोन हजार किलोमीटर आहे. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, २६ डिसेंबर १९७७ रोजी सुरू झालेली गीतांजली एक्स्प्रेस आजही हे अंतर कापायला एक पूर्ण रात्र आणि दोन दिवसांचा बराच भाग घेते. तरीही मराठी कुटुंबे इथे येतच असतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, कोल इंडिया, दक्षिण-पूर्व रेल्वे यांची मुख्यालये इथे आहेत. सैन्याच्या पूर्व विभागाचे ठाणे इथे आहे. बँका आणि विमा कंपन्यांची मोठी कार्यालये आहेत. तीन वर्षांसाठी म्हणून आलेली माणसे कधी तीन वर्षांनी सुटकेचा श्वास टाकत परततात, तर कधी निघताना डोळे पुसतात. एकच शहर, एकच मुदत, मग हा फरक कशाने पडतो?

या वाटेने गेलेली माणसे

बदलीमुळे बंगालमध्ये संसार मांडणारी आजची गृहिणी काही पहिली नव्हे. गोपाळराव जोशी यांच्या टपाल खात्यातील नोकरीमुळे आनंदीबाई जोशी कोलकात्याला आणि नंतर जवळच्या श्रीरामपूरला आल्या. परकी हवा, परकी भाषा, आणि नवऱ्याबरोबर रस्त्याने चालणाऱ्या मुलीकडे लोक वळून पाहत तो काळ. त्याच श्रीरामपूरच्या महाविद्यालयात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी भरसभेत इंग्रजीतून भाषण केले आणि आपण अमेरिकेला वैद्यक शिकायला का जात आहोत ते सांगितले. तेव्हा त्यांना अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. एप्रिलमध्ये त्यांचे जहाज निघाले तेही कोलकात्याहूनच. कल्याणच्या माहेरापासून इतक्या दूर येऊन पडलेल्या त्या मुलीपुढे आपली पिठाची आणि कोकमाची काळजी थोडी लहान वाटू लागते.

घड्याळ तेच, सूर्य वेगळा

कोलकात्यात आल्यावर पहिला धक्का भाषेचा किंवा जेवणाचा बसत नाही, तो सूर्याचा बसतो. सगळ्या देशाचे घड्याळ एक, पण कोलकाता मुंबईच्या साडेपंधरा रेखांश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने इथला सूर्य मुंबईपेक्षा तासभर आधी उगवतो आणि तासभर आधीच मावळतो. जूनमध्ये पाच वाजायच्या आत लख्ख उजाडलेले असते. डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, तो इथे पाच वाजायच्या आतच झालेला असतो.

कागदावर हा एक तास किरकोळ दिसतो. घरात तो फार मोठा होतो. मुले शाळेतून येऊन दूध पिऊन खेळायला जायच्या बेतात असतात, तोवर बाहेर अंधार. नवरा घरी यायला अजून दोन-तीन तास असतात. पहिल्या हिवाळ्यात ही लांबच लांब संध्याकाळ अंगावर येते आणि आपल्याला उदास का वाटते आहे हेच कळत नाही. यावर उपाय एकच : घराचे वेळापत्रक सूर्याच्या मागे न्यायचे. सकाळी तासभर लवकर उठावे, फिरणे आणि बाजारहाट उन्हे चढायच्या आत उरकावी, मुलांना शक्य असेल तिथे सकाळीच मैदानात पाठवावे. तिन्हीसांजेला शेजारच्या घरातून शंखाचा आवाज येईल. ती इथली दिवेलागण. आपणही देवापाशी दिवा लावावा. अंधार लवकर पडला असला, तरी घर उजळते.

हवेशीही अशीच तडजोड करावी लागते. एप्रिल-मेचा उकाडा मुंबईकरांना ओळखीचा, नागपूरकरांना मात्र नको नको करणारा. कारण इथे ऊन कमी पण घाम जास्त. मधूनच एखाद्या संध्याकाळी आकाश काळे होते, वारा सुटतो आणि ‘कालबैशाखी’चा पाऊस कोसळतो. तेव्हा दोरीवरचे कपडे आधी काढावेत, मग गंमत पाहावी.

बाजाराची पिशवी

सकाळी कोपऱ्यावरच्या बाजारात गेलात, तर पिशव्या घेऊन हिंडणाऱ्यांत पुरुषांची संख्या डोळ्यांत भरेल. सकाळचा बाजार, विशेषतः मासळी, हे अनेक बंगाली घरांत कर्त्या पुरुषाचे काम आणि अभिमानाचा विषय. रुई, कातला, पाबदा, टांगरा, भेटकी, पावसाळ्यात इलिश. प्रत्येकाची पारख वेगळी. मराठी नवऱ्यांना बाजाराची वाट दाखवायची असेल, तर याहून चांगली संधी नाही!

मासे खाणाऱ्या कोकणी माणसाला सुरुवातीला चुकल्यासारखे होते. बांगडा, बोंबील, सुरमई यांच्या जागी गोड्या पाण्यातले मासे, आणि खोबऱ्याच्या वाटणाच्या जागी मोहरीचे तेल. पण मासळीवाली ज्यावर मासे कापते ती ‘बोटी’ नीट पाहा. ती आपली विळीच आहे, फक्त आकाराने दांडगी.

शाकाहारी घरांनी ‘निरामिष’ हा एक शब्द आधी शिकून घ्यावा. जेवायला बोलावले, की तो न संकोचता सांगावा. बंगाली घरांत निरामिष स्वयंपाकात बहुधा कांदा-लसूणही नसतो. तरीही तो बेचव नसतो. खसखशीतला बटाटा, केळफुलाची भाजी, मेथी, कलौंजी, जिरे, बडीशेप आणि मोहरी यांची ‘पाँचफोरन’ नावाची फोडणी, हे सारे आपल्या जिभेला सहज रुचते.

वाढण्याची रीत मात्र निराळी. आपल्याकडे ताटात डावी बाजू, उजवी बाजू एकदम मांडली जाते. इथे पदार्थ एकामागून एक येतात. आधी कडू भाजी किंवा शुक्तो, मग डाळ, भाज्या, मग मासे, शेवटाकडे गोडसर चटणी आणि मिष्टान्न. म्हणून पहिल्याच भातावर पोट भरू नये, आणि चटणी कुठे राहिली म्हणून सुरुवातीलाच विचारू नये.

आपल्या स्वयंपाकाचे फारसे अडत नाही. हरभऱ्याची डाळ इथेही आवडीने खातात, तेव्हा पुरणपोळी होते. साबुदाणा मिळतो. कढीपत्ता, नारळ आणि दाक्षिणात्य पिठे-मसाले हवे असतील, तर दक्षिण कोलकात्यातला लेक मार्केटचा बाजार गाठावा. ज्वारीचे पीठ, कोकम आणि गोडा मसाला मात्र गावाहून येतानाच आणावा. थंडीत बाजारात खजुराचा नवा गूळ येतो. त्याच सुमारास, मकरसंक्रांतीला, आपल्याकडे तिळगूळ असतो आणि इथे या गुळाचे पिठे-पाटिशापटा. यंदा तिळाच्या वड्या या गुळात करून पाहा.

शब्द ओळखीचे, अर्थ अनोळखी

बंगाली शिकायला मराठी माणसाला फार त्रास पडू नये. संस्कृत शब्दांची पुंजी दोघांची एकच, आणि क्रियापदाला लिंग नसल्याने ‘तो जातो, ती जाते’ हा घोळच नाही. ‘आपनि, तुमि, तुइ’ या पायऱ्याही आपल्या ‘आपण, तुम्ही, तू’सारख्याच. फक्त ‘व’चा ‘ब’ होतो आणि ‘अ’ ओठांत गोल होतो. घरची वैदेही शाळेत ‘बोइदेही’ झाली, तर मुलीने रडू नये आणि आईने रागावू नये. राग हा शब्दही इथे आपल्याच अर्थाने चालतो!

खरी गंमत होते ती ओळखीच्या शब्दांची. इथे ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. तेव्हा शाळेच्या पाटीवर तो शब्द पाहून मुलांनी घाबरू नये. ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. नळ दुरुस्त करणारा ‘चेष्टा कोरबो’ म्हणाला, तर तो थट्टा करत नाही, प्रयत्न करीन म्हणतो आहे. ‘चाल’ म्हणजे तांदूळ. ‘अभिमान’ म्हणजे आपल्या माणसाने दुखावल्यावर मनात धरलेला रुसवा. पाणी आणि चहा इथे पितात तसे खातातही; ‘चा खाबेन?’ असे विचारले, की हो म्हणावे. आणि ‘अड्डा’ ऐकून कपाळाला आठ्या घालू नयेत. आपल्याकडे अड्डा दारूचा किंवा जुगाराचा. इथे अड्डा म्हणजे ओट्यावर, चहाच्या टपरीवर, कॉफी हाउसात रंगलेल्या गप्पा. ज्याला अड्ड्यात बोलावणे आले, तो या शहराचा झाला असे समजावे.

पु. ल. देशपांडे पन्नाशीत शांतिनिकेतनात जाऊन बंगाली शिकले आणि त्यातून ‘वंगचित्रे’ हे पुस्तक झाले. आपल्याला पुस्तक लिहायचे नाही, भाजीवाल्याशी बोलायचे आहे. रोज पाच वाक्ये पुरेत. ती हिंदीत सुरू करून सोडून देऊ नयेत. मोडक्या बंगालीला इथे मिळते तेवढे कौतुक अस्खलित हिंदीला कधीच मिळत नाही.

शहर नव्हे, पाडा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दिवसभर बोलायचे कोणाशी?

कोलकात्यात नव्याने आलेले बहुतेक जण शहर समजून घ्यायला धडपडतात. हावड्याचा पूल, व्हिक्टोरिया, दक्षिणेश्वर, देशातली पहिली मेट्रो. ती २४ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झाली, आणि मार्च २०२४ पासून तर हुगळीच्या पात्राखालूनही मेट्रो धावते. हे सारे पाहावे. एकेकाळी शहरभर फिरणारी ट्राम आता जेमतेम उरली आहे, तिच्यातूनही एकदा मुलांना न्यावे. पण या सगळ्याने चार रविवार भरतात, मन भरत नाही. कारण इथला माणूस शहरात राहत नाही, तो ‘पाड्या’त राहतो. पाडा म्हणजे आपली आळी किंवा वाडी. तिच्यात एक क्लब, एक मिठाईचे दुकान, एक औषधाचे दुकान, इस्त्रीवाला आणि सर्वांची सर्व माहिती असलेल्या दोन-तीन मासीमा असतात. मासीमा म्हणजे मावशी. तुम्हाला ‘बौदी’ म्हणतील, म्हणजे वहिनी. नाती तयारच असतात, त्यांत पाऊल तेवढे ठेवायचे असते.

पहिले पाऊल आपणच टाकावे लागते. नाशिकहून आलेल्या एका वहिनींनी सांगितलेला अनुभव बोलका आहे. पहिले सहा महिने त्या कॅलेंडरवर दिवस खोडत होत्या. दार बंद, दूरदर्शन चालू, फोनवर आई. शेजारच्या बायका जिन्यात हसत, या हसून आत येत. दिवाळीला सवयीने डबाभर चकल्या आणि करंज्या केल्या, आणि मग लक्षात आले, की फराळाची ताटे द्यायला इथे कोणीच नाही. ‘त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून रडले,’ त्या म्हणाल्या. मग डोळे पुसून एक ताट भरले आणि वरच्या मजल्यावरचे दार वाजवले. वर राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना मराठी येत नव्हते, यांना बंगाली येत नव्हते. करंजी हातात घेऊन त्या बाई आनंदाने ओरडल्या, कारण तसाच पदार्थ त्यांच्याकडेही होता. दोन दिवसांनी ताट परत आले ते नारळाच्या लाडवांनी भरून. रिकामे भांडे परत करायचे नाही, हे दोन्ही घरांत आयांनी शिकवले होते.

त्यानंतर सगळे एकदम गोड झाले असे नाही. पुढच्या पावसाळ्यात गल्लीत गुडघाभर पाणी साचले असताना यांच्या सासूबाईंना रात्री छातीत दुखू लागले. नवरा दौऱ्यावर होता. वहिनींनी वरच्या मजल्यावर धाव घेतली. म्हाताऱ्या बाईंनी खिडकीतून क्लबच्या मुलांना हाका मारल्या. चार मुलांनी सासूबाईंना खुर्चीसकट उचलून पाण्यातून मोठ्या रस्त्यापर्यंत नेले, गाडी मिळवली आणि पहाटेपर्यंत दवाखान्यात थांबली. सासूबाई बऱ्या झाल्या. ‘ते फराळाचे ताट दिले नसते, तर त्या रात्री मी कोणाचे दार वाजवले असते?’ असे वहिनी विचारतात. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक नव्या बिऱ्हाडाने पहिल्याच महिन्यात शोधून ठेवलेले बरे.

म्हणून क्लबची मुले पूजेचा ‘चांदा’, म्हणजे वर्गणी, मागायला आली, की दारातून पैसे देऊन वाटेला लावू नये. आत बोलवावे, पाणी द्यावे, मी काय मदत करू ते विचारावे. चांदा किती द्यायचा ते शेजाऱ्यांना विचारून ठरवावे. पाड्याचे दार या वाटेने उघडते. अर्थात इथल्या आपुलकीत थोडी चौकशीही असते. पगार, जात, मुलांचे गुण, सगळे विचारले जाईल. पुण्यातली आळीही काही वेगळी नव्हती, हे आठवावे आणि हसून विषय बदलावा.

बर्गींच्या मुलुखातून आलेले

ओळख वाढली, की कोणीतरी मिस्कीलपणे विचारेल, ‘मराठी? म्हणजे बर्गी!’ बर्गी हा आपल्या ‘बारगीर’ शब्दाचाच अवतार. १७४२ पासून सुमारे दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. गावे लुटली गेली, माणसे परागंदा झाली. अजूनही बंगाली आई बाळाला झोपवताना बर्गी आल्याचे गाणे म्हणते. कोलकात्याच्या रक्षणासाठी १७४२ साली खणायला घेतलेला खंदक ‘मराठा डिच’ म्हणून प्रसिद्ध झाला. मराठे तिथवर आलेच नाहीत आणि खंदकही अर्धवट राहिला. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. आज आचार्य जगदीशचंद्र बोस आणि आचार्य प्रफुल्लचंद्र यांच्या नावांच्या रस्त्यांवरून आपण ऑफिसला जातो, तेव्हा त्या जुन्या भीतीवरूनच जात असतो.

हे ऐकून मुलांना ओशाळे वाटू देऊ नये, आणि उलट भांडायलाही लावू नये. पुढची गोष्ट सांगावी. कोकणातून बंगालकडे आलेल्या घराण्यातले सखाराम गणेश देऊस्कर बंगाली लेखक झाले. त्यांचे ‘देशेर कथा’ हे पुस्तक १९०४ साली निघाले आणि इतके गाजले, की इंग्रज सरकारने १९१० साली त्यावर बंदी घातली. त्यांच्याच धडपडीने कोलकात्यात शिवाजी उत्सव रुजला आणि रवींद्रनाथांनी १९०४ साली ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली. ज्या शहराने मराठ्यांना अडवायला खंदक खणला, त्याच शहराने शिवाजी महाराजांचा उत्सव केला. २०२५ साली तर फोर्ट विल्यमचे नाव ‘विजयदुर्ग’ झाल्याचे जाहीर झाले, आपल्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्यावरून! मधल्या वर्षांत खंदक बुजला तो शेजाराने, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

गौरी इथेही माहेरी येते

हाजरा रोडवर ‘महाराष्ट्र निवास’ आहे. नव्या कुटुंबाने तिथे जरूर जावे. गणेशोत्सवात आरतीचे सूर कानी पडले, की महिन्याभराचा शीण उतरतो. पण दर रविवारी तिथेच जाऊन पाड्याकडे पाठ फिरवू नये. माहेरी जायचे ते ताजेतवाने होऊन सासरी परतण्यासाठी.

इथला गणपती एकटा येत नाही. तो दुर्गापूजेत आईबरोबर येतो. शेजारी लक्ष्मी, सरस्वती आणि कार्तिकेय. सप्तमीच्या पहाटे केळीच्या रोपाला नदीवर स्नान घालतात, साडी नेसवतात आणि गणपतीशेजारी उभे करतात. तिला ‘कलाबऊ’ म्हणतात आणि लोक तिला गणपतीची बायको मानतात! कोजागरीला आपण दूध आटवतो, तेव्हा इथे घरोघर लक्ष्मीपूजा असते. आपल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री इथे कालीपूजा असते. वसंत पंचमीला सरस्वतीपुढे पुस्तके ठेवून मुले त्या दिवशी अभ्यासाला सुट्टी देतात. ही रीत मराठी मुलांना सर्वांत आधी पटते.

पण सगळ्या पूजेचा गाभा एकच आहे. दुर्गा ही बंगालची लेक. कैलासाहून ती मुलांना घेऊन चार दिवस माहेरी येते. दशमीला सुवासिनी तिला कुंकू लावतात, तिच्या तोंडाला मिठाई लावतात, एकमेकींच्या भांगात आणि गालांवर सिंदूर भरतात आणि तिला सासरी पाठवतात. आपल्या गौरी तीन दिवसांसाठी येतात, भाजी-भाकरीचा, पुरणाचा नैवेद्य घेतात आणि हळदीकुंकू घेऊन जातात, तीच ही गोष्ट. लेक आली, जेवली, गेली. दूरच्या शहरात आलेल्या मराठी बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. दशमीच्या संध्याकाळी पाड्यातल्या बायका तिच्याही गालाला सिंदूर लावतात, तेव्हा तिच्या घशात जे दाटून येते ते भाषांतराशिवाय कळते.

आणखी एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. निरोप घेताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. बंगाली माणूसही निघताना ‘आशि’ म्हणतो. त्याचाही अर्थ ‘येतो’ असाच. तीन वर्षांनी पुन्हा बदलीचा हुकूम येईल, खोकी बांधली जातील, मालमोटार दारात उभी राहील. तोवर इतके करावे, की जिन्यात उभे राहून ‘आशि’ म्हणायला तिथे कोणीतरी असेल.